धरा, ओढा, सोडा

महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर बसून मी नेमकं काय विकत असे, हे खालच्या सराफांना शेवटपर्यंत कळलं नाही. "वहिनी, तुमच्याकडे माल दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, दिवे मात्र दिवसभर जळतात," असं ते दर दसऱ्याला आपट्याचं पान देताना म्हणायचे. पहिला मजलाही मी हौसेने घेतला नव्हता. सावित्री नदीच्या पुराचं पाणी ज्या गावात दुकानांच्या भिंतींवर खुणा ठेवून जातं, तिथे तळमजल्यावर संगणक मांडणारा माणूस बाहेरगावचाच असणार. सोनं भिजलं तर पुसून घेता येतं. म्हणून सराफ खाली आणि मी वर.

तर मी बटणं विकायची. थट्टा नाही, खरोखर बटणं. संगणकाच्या पडद्यावर जे जे दाबायचं, ओढायचं, निवडायचं असतं त्या प्रत्येकाला आमच्या धंद्यात 'कंट्रोल' म्हणतात. साधी कंट्रोल्स प्रोग्रॅम लिहायच्या साधनाबरोबर फुकट मिळतात, पण गिऱ्हाइकाला जे हवं असतं ते त्या फुकटच्या पेटीत कधी म्हणून नसतं. पोलादपूरच्या एका खतविक्रेत्याने माझा प्रोग्रॅम पाहिल्या पाहिल्या पहिली हरकत घेतली ती बटणावर. "ह्ये ओके म्हंजे काय ओ? आमच्याकडं ओके कोण बोलत नाय. तिथं 'बरं' लिवा." मी त्याला 'बरं' आणि 'नको' अशी दोन बटणं करून दिली. ते दाबताना तो तोंडानेही "बरं" म्हणायचा, आणि त्याच्या दुकानात युरियापेक्षा हे बटण बघायला जास्त लोक यायचे.

आता थोडं धंद्याचं सांगते. कंटाळा आला तरी पान उलटू नका, पुढे पाणी आहे.

प्रोग्रॅम चालू झाल्यावर बटण दाबलं की काम होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण चालू होण्याआधी तो पडदा कुणीतरी मांडलेला असतो. बटण इथे, यादी तिथे, नाव वर. त्या मांडणीच्या वेळी बटणावर माउस टेकवला तर बटण दबत नाही, ते उचललं जातं. आपल्या घरच्या गणपतीसारखंच. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती उचला, सरकवा, मखरात नीट बसते का पाहा; प्रतिष्ठा झाली की मग हलवायची नाही. मांडणीच्या वेळेला आम्ही 'डिझाइन टाइम' म्हणतो आणि चालू झाल्यानंतरच्या वेळेला 'रन टाइम'. डिझाइन टाइममध्ये माउसचा मालक असतो तो मांडणी करून देणारा प्रोग्रॅम, त्याचं नाव डिझायनर. कंट्रोल बिचारं गप्प बसून असतं. माझं उभं आयुष्य या गप्प बसलेल्या कंट्रोलला बोलतं करण्यात गेलं, आणि त्याला कारण झाले उतेकर.

उतेकर हे महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. राहणारे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या डोंगरातले. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की गावच्या भजनात त्यांना माइक देत नसत. कारखान्यातली प्रत्येक टाकी, प्रत्येक पाइप त्यांनी ट्रेसिंगच्या कागदावर शाईने काढलेला होता. रेघ मारताना ते श्वास धरायचे आणि रेघ संपली की मोठ्याने सोडायचे. त्यांचं एकच दुखणं होतं. "म्याडम, मी काढतो सरळ, आन् फिटर नेतो वाकडा. मग माझा कागद जातो कपाटात." हे ते पहिल्याच भेटीत मला सांगून मोकळे झाले.

सुमारे दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. कारखान्यात नवीन विभाग उभा राहत होता, आणि देखभाल खात्याचे प्रमुख गोगटेसाहेब यांना तो सगळा संगणकाच्या पडद्यावर दिसायला हवा होता. टाक्या, त्यांना जोडणारे पाइप, मधले व्हॉल्व्ह. पडद्यावरचा व्हॉल्व्ह दाबला की खरा व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. मुंबईची एक कंपनी हे सगळं तयार द्यायला बसली होती. अडचण एवढीच की रसायनांच्या कारखान्यात पाइप कधी एका जागी राहत नाहीत. आज इथून गेला, उद्या तिथून. दर बदलाला मुंबईचा इंजिनियर वीर स्टेशनला उतरणार, रिक्षा करून येणार, चित्र बदलणार आणि जाणार. आणि चित्रं मुंबईहून येणार म्हटल्यावर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचं काम संपलं. उतेकरांची रवानगी स्टोअरमध्ये होणार होती.

"नट मोजायला बसवनार मला," ते माझ्या दुकानात येऊन म्हणाले. खुर्चीत बसले नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले. "रेघ मारनारा मानूस मी. नट काय, कोनपन मोजंल."

मी गोगटेसाहेबांना जाऊन सांगितलं की मी टाकी, पाइप आणि व्हॉल्व्ह यांची कंट्रोल्स करून देते. चित्र तुमचे उतेकर काढतील, बदलही तेच करतील, मुंबईहून कुणाला बोलवायला नको. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "उतेकर? माउसने?" मी म्हटलं, हो. तोवर उतेकरांनी माउसला हात लावलेला नव्हता आणि मी पाइपचा एक शब्दही लिहिलेला नव्हता. पण आमच्या महाडात बोलायला सुरुवात केली की मागे यायची पद्धत नाही.

टाकी सोपी होती. टाकी उचलायची आणि ठेवायची. खरी मेख पाइपची. पाइपला कोपरे असतात, आणि प्रत्येक कोपरा उतेकरांना मांडणी करतानाच माउसने धरून ओढता आला पाहिजे. म्हणजे डिझाइन टाइममध्ये माझ्या पाइपने माउस ओळखायला हवा. यासाठी डिझायनरमध्ये एक सोय असते. माउस कंट्रोलवर आला की डिझायनर विचारतो, "हा ठिपका तुझा का माझा?" कंट्रोलच्या वतीने तुम्ही 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर द्यायचं. 'हो' म्हटलं की माउस कंट्रोलला मिळतो.

मी उत्साहाच्या भरात सगळीकडे 'हो' लिहिलं. कोपरे झकास हलायला लागले. तो पाइप कारखान्यातल्या संगणकावर चढवून मी दुकानात आले आणि खुशीत चहा मागवला. चहा येईपर्यंत कारखान्यातून उतेकरांचा फोन. "म्याडम, तुमचा पाइप जाम झाला. कोपरा हलतोय, पन पाइप जागचा उचलत नाय." बरोबर होतं. प्रत्येक ठिपका माझा म्हटल्यावर डिझायनरने हात वर केले होते; पाइप उचलणं हे त्याचं काम, आणि त्याला मी शिरकावच ठेवला नव्हता. मग प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटा चौकोन काढला. चौकोनावर माउस असेल तर 'हो', बाकी सगळीकडे 'नाही'. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचेपर्यंत मी घरी वरणाला फोडणी द्यायची विसरले होते.

उतेकर रोज दुपारी चित्र काढायला बसू लागले. माउस ते पेनसारखा धरायचे, तीन बोटांत, आणि रेघ ओढताना श्वास धरायचे. एका दिवशी त्यांनी आख्ख्या विभागाचे पाइप वाकवून बसवले आणि छाती काढून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो सगळे पाइप सरळ! काठ्यांसारखे! उतेकर तडक रातपाळीच्या लोकांकडे गेले. "कुनी हात लावला माझ्या चित्राला?" रातपाळीवाले म्हणाले आम्ही लावला नाही. उतेकर म्हणाले लावला. हे इतकं वाढलं की त्यांनी रातपाळीच्या लोकांशी बोलणं टाकलं, आणि त्यात त्यांचा सख्खा साडू होता.

मी जाऊन पाहिलं तर दोष रातपाळीचा नव्हता. कोपरा हलला हे पाइपला ठाऊक होतं, पण पाइपने ते डिझायनरला कळवलंच नव्हतं. माउस जेव्हा डिझायनरच्या हातात असतो तेव्हा काय बदललं याची नोंद तोच ठेवतो. माउस आपण मागून घेतला की कळवायची जबाबदारीही आपली. न कळवता केलेला बदल पडद्यावर छान दिसतो आणि चित्र बंद केलं की जातो. मी ती दुरुस्ती केली आणि रातपाळीला माझ्याकडून बटाटेवडे पाठवले. साडूंनी वडे खाल्ले, पण उतेकरांशी बोलायला त्यांना गणपती उजाडावा लागला.

त्यानंतर उतेकरांनी एक हट्ट धरला. टाकीत पाणी किती आहे तो आकडा तारेने संगणकापर्यंत येत होता, आणि रन टाइममध्ये त्याप्रमाणे टाकीच्या चित्रात निळा रंग वर चढणार होता. उतेकर म्हणाले, तो रंग मांडणीच्या वेळीपण पाहिजे.

"अहो, डिझाइन टाइममध्ये खरे आकडे आणत नाहीत," मी म्हटलं. "सगळ्या पुस्तकांत लिहिलंय."

"पुस्तक लिवनाऱ्यानं टाकी बघितली हाय काय? रिकामी टाकी काढायला मला जमत नाय. कुठपर्यंत भरते ते दिसल्याबिगर तिला पाइप कुठं लावू?"

मी पुष्कळ वाद घातला. व्हॉल्व्हच्या बाबतीत मी ऐकलं नाही. डिझाइन टाइममध्ये व्हॉल्व्हला कितीही दाबा, तो ढिम्म हलणार नाही असा बंदोबस्त केला. पण टाकीपुरतं मी हरले. माणूस रोज फोन करून "म्याडम, टाकी मेल्यासारखी दिसते" असं म्हणायला लागला तर तुम्ही तरी काय करणार? शेवटी आकडा जोडून दिला. तोही फक्त बघण्यापुरता.

मग परीक्षेचा दिवस आला. गोगटेसाहेबांनी अट घातली होती की उतेकरांनी साहेबांच्या समोर एक पाइप बदलून दाखवायचा. आदल्या दिवशीच फिटरांनी एक खरा पाइप दुसऱ्या टाकीकडे वळवला होता, तोच चित्रात वळवायचा. मी तिथे असायचं नाही. अडलं तर फोनवर सांगायचं. जमलं तर काम आमचं. नाही जमलं तर मुंबईची कंपनी, आणि उतेकर स्टोअरमध्ये. साहेबांनी हे शांतपणे सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला विभाग चालू करायचा होता.

त्याच दिवशी नव्या पाइपांची पाणी भरून चाचणी चालली होती. रसायन सोडायच्या आधी साधं पाणी सोडून कुठे गळतं का ते पाहतात. केबिनच्या खिडकीखाली बबन नावाचा ऑपरेटर व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून सकाळपासून उभा होता. केबिनमधून हुकूम आला की पाणी सोडायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. पण दुसऱ्या टाकीच्या खाली विजेचं नवीन पॅनेल उघडं होतं आणि दोन वायरमन त्यात डोकं घालून काम करत होते, म्हणून हुकूम थांबला होता. यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मी दुकानात फोन कानाला लावून बसले होते, आणि तिकडे फोनचा स्पीकर चालू होता.

"म्याडम, कोपरा धरला," उतेकरांचा आवाज आला.

"शाबास. आता उजवीकडे ओढा. दुसऱ्या टाकीला भिडेपर्यंत."

"ओढतोय."

"भिडला?"

"भिडला."

"मग आता सोडा."

"सोडू?"

"हो हो, सोडा!"

उतेकरांना ऐकलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणायची सवय. मापं घेताना लागलेली. त्यांनी भजनातल्या आवाजात म्हटलं, "सोडा!" आणि माउसवरचं बोट उचललं. खिडकीखाली बबनने "सोडलं!" असं उत्तर देऊन चाक फिरवलं. ते "सोडलं" मलाही ऐकू आलं. मला वाटलं, साहेब कौतुकाने म्हणाले.

"बसला! पाइप बसला म्याडम!" उतेकर आनंदाने ओरडले. मीही इकडे ओरडले. सराफांनी खालून वर पाहिलं असणार.

नंतर उतेकरांचा आवाज, पण त्यातला आनंद गेलेला. "म्याडम, दोन नंबरची टाकी भरायला लागली."

"कशी भरेल? आपण डिझाइनमध्ये आहोत. काही चालूच नाही."

"निळं वर चढतंय. अर्ध्याच्या वर गेलं."

गोगटेसाहेबांचा आवाज आला, "उतेकर, हे चित्र आहे की खरं आहे?"

खुर्ची पडल्याचा आवाज झाला, मग उतेकरांची आरोळी. "बबन! बंद कर रे! बंद कर, बंद कर!" आणि पायांची धावपळ, आणि लांब कुठेतरी कुणीतरी कुणालातरी शिवी देतंय. मग फोनवर फक्त पंख्याची घरघर. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसले. उतेकर स्टोअरमध्ये गेले, आणि मी त्यांना पोचवलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या घटकेइतकी वाईट घटका माझ्या धंद्यात दुसरी आली नाही.

बऱ्याच वेळाने माणसं केबिनमध्ये परत आली. टाकी काठापाशी असताना चाक बंद झालं होतं. थोडं पाणी उसळून बाहेर आलं, ते गोगटेसाहेबांच्या खांद्यावर. वायरमन कोरडे होते.

"सोडायला कुणी सांगितलं?" साहेब.

"उतेकरांनी," बबन.

"म्याडमनी," उतेकर.

"मी माउस सोडायला सांगितलं होतं!" मी फोनमधून किंचाळले.

मग बबन खिडकीतून म्हणाला, "बरं झालं ओ, मी पानीच सोडलं. गोदामात गेलो असतो तं पिंप आनला असता." त्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या पिंपांनाही नुसतं 'सोडा'च म्हणत. हे कळल्यावर पहिल्यांदा हसले ते गोगटेसाहेब. असे हसले की ओला शर्ट झटकत खाली बसले. उतेकरही हसले, मी इकडे डोळे पुसत हसले, आणि हसता हसता साहेब एकदम थांबले.

"पण उतेकर, टाकी भरते हे तुम्हाला कसं कळलं? खिडकीतून ती टाकी दिसत नाही."

"चित्रात दिसली ना."

"चित्र तर अजून चालू झालेलं नाही."

"चालू नाय. पन म्याडमनी मला टाकी जिवंत ठेवून दिली हाय."

साहेब पडद्यासमोर आले असावेत. पाइप दुसऱ्या टाकीला नेमका भिडलेला होता. एवढ्या गोंधळातही उतेकरांच्या बोटाने कोपरा बरोबर जागी सोडला होता. "मॅडम," साहेब फोनमध्ये म्हणाले, "काम तुमचं. चित्रं उतेकरांची. फक्त तो शब्द बदला." तेव्हापासून आमच्यात माउस सोडायचा बंद झाला. "बोट उचला" असं म्हणायचं ठरलं, आणि मी पुढे जितक्या लोकांना शिकवलं, दासगावपासून शिवथरपर्यंत, त्या सगळ्यांना तेच शिकवलं. त्यांना कारण कधी कळलं नाही.

ज्या साधनात मी ते पाइप केले ते साधन आता कुणी वापरत नाही. ती चित्रं आज उघडून दाखवा म्हणालात तर माझ्याकडे ती उघडेल असा संगणकही नाही. याचं वाईट वाटतं. सुताराने केलेलं कपाट निदान कुणाच्या तरी घरात पडून असतं. माझी कामं पडूनही राहिली नाहीत. पण विभाग चालू झाला तो दिवस माझ्या मनातून कुणी पुसून टाकू शकत नाही.

त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि गोगटेसाहेब म्हणाले, "उतेकर, पहिला व्हॉल्व्ह तुम्ही दाबा."

"मी नाय साहेब. म्याडमना सांगा."

"चित्र कुणाचं आहे?" मी म्हटलं. "दाबा."

उतेकरांनी हात पँटीला पुसला, श्वास धरला आणि व्हॉल्व्हच्या चित्रावर माउस नेऊन बोट दाबलं. बाहेर कुठेतरी खट् झालं. पडद्यावर निळा रंग पाइपात शिरला, पहिल्या कोपऱ्याशी वळला, मग दुसऱ्या. खिडकीखालून बबन ओरडला, "आलं रे आलं, पानी आलं!"

उतेकर उठून खिडकीत गेले. खऱ्या पाइपाकडे पाहिलं, परत येऊन पडद्यावरच्या पाइपाकडे पाहिलं, परत खिडकीत गेले. सगळे टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. उतेकरांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि त्या माणसाला मी प्रथमच हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"म्याडम, एवढी वरसं रेघा मारल्या. सगळ्या कपाटात गेल्या. आज माझ्या रेघेतनं पानी गेलं."